जपानी स्विच २ स्वस्तात मिळतोय, सोबत वापरलेले गेम. घ्यावा का? पुढे निन्टेन्डोने बॅन केला तर दाद कुठे मागायची?

तुम्ही लिहिलंय की लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार जपानहून आलेला स्विच २, म्हणजे निन्टेन्डोचा गेम खेळायचा कन्सोल, बऱ्याच कमी भावात देतोय, वर दोन वापरलेले गेम देतोय आणि बिल मात्र ‘नको ना साहेब’ म्हणतोय. बिलाचं शेवटी बोलू. आधी त्या कन्सोलचं.

जपानमध्ये स्विच २ जून २०२५ मध्ये आला तेव्हा दोन प्रकारांत आला, एक ४९,९८० येनचा आणि दुसरा ६९,९८० येनचा. यंत्र तेच. पण स्वस्त प्रकारात मेनू फक्त जपानीत दिसतो, आणि ज्या निन्टेन्डो अकाउंटचा देश जपान आहे तेवढंच अकाउंट त्याला जोडता येतं. तुमच्या दुकानदाराचा भाव एवढा खाली का, याचं उत्तर बहुधा इथेच आहे. ‘सेटिंगमध्ये इंग्लिश करून देतो’ म्हणाला तर पैसे काढायच्या आधी समोर करून दाखवायला लावा. सिस्टिम सेटिंग्ज उघडायच्या, डावीकडची यादी खालपर्यंत सरकवून ‘सिस्टिम’मध्ये भाषेची ओळ बघायची. तिथे इंग्लिश नसेल तर तो विषय तिथेच संपला. हे कुलूप नंतर अपडेट करून निघत नाही.

आता बॅन. नियम मोडणाऱ्याचं अकाउंट निन्टेन्डो कंपनी बॅन करते, तसा अख्खा कन्सोलही बॅन करते, आणि लोक फसतात ते दुसऱ्या प्रकारात. कन्सोल बॅन झाला की तो चालू होतो, खाचेत घालायच्या साध्या गेम-कार्डावरचे गेम खेळता येतात, पण ऑनलाइन काहीच होत नाही. इशॉप (निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान) नाही, डाउनलोड नाही, ऑनलाइन सामने नाहीत. फॅक्टरी रीसेट करून उपयोग नाही, कारण बॅन निन्टेन्डोच्या सर्व्हरवर त्या यंत्राच्या नावाने नोंदलेला असतो. म्हणून जुना कन्सोल घेताना तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावा, विकणाऱ्याला त्याच्याच अकाउंटने इशॉप उघडायला सांगा. २१२४-४५०८ हा एरर कोड आला तर हात जोडून निघा. ‘वायफायचा प्रॉब्लेम आहे, घरी चालेल’ हे ऐकून घेऊ नका. हा कोड वायफायचा नाही.

वापरलेल्या गेमची भानगड जास्त चिवट आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक खऱ्या कार्डात त्याचं स्वतःचं वेगळं डिजिटल प्रमाणपत्र असतं. आधीच्या मालकाने त्या कार्डाची नक्कल काढून ठेवली, कार्ड तुम्हाला विकलं आणि स्वतः नकलेवर ऑनलाइन खेळत राहिला, तर एकच प्रमाणपत्र दोन ठिकाणी दिसतं. नक्कल कुणाची आणि खरं कार्ड कुणाकडे हे सर्व्हरला कळत नाही, त्यामुळे तुमचाही कन्सोल अडकू शकतो. खरेदीचा पुरावा आणि कार्डाचे फोटो दाखवल्यावर असा बॅन उठवल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे जुनं कार्ड घेताना दोन्ही बाजूंचे फोटो, विकणाऱ्याशी झालेलं चॅट आणि यूपीआयची पावती जपून ठेवा. रोखीने घेतलेल्या कार्डाचा पुरावा पुढे कुठून आणणार?

डब्यावर गेम-की कार्ड असं लिहिलंय का तेही बघा. पुढच्या बाजूला खाली किल्लीचं चिन्ह असलेली पांढरी पट्टी असते. या कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते. पहिल्यांदा लावलं की पूर्ण गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो. त्यानंतर ऑफलाइन खेळता येतं, पण खेळताना कार्ड खाचेत हवंच. म्हणजे डाउनलोडची कटकटही आहे आणि कार्ड सांभाळायची कटकटही. तरीही डब्यात नुसता कोड लिहिलेला कागद देण्यापेक्षा हे बरं, कारण किल्ली कुठल्या अकाउंटला बांधलेली नसते. गेम संपला की कार्ड विकता येतं, मित्राला देता येतं. घेताना दोन गोष्टी मोजा. एक, जागा. कन्सोलमध्ये २५६ जीबी आहेत, त्यातले काही सिस्टिम खाते, आणि वाढवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेस हे नव्या प्रकारचं मेमरी कार्डच लागतं. जुन्या स्विचचं मायक्रोएसडी घातलंत तर त्यातले फोटो-व्हिडिओ घेता येतील, गेम त्यावरून चालणार नाहीत. दुसरी गोष्ट, वर्षं. डाउनलोडचा सर्व्हर ज्या दिवशी बंद होईल त्या दिवसानंतर न उतरवलेल्या गेमचं ते कार्ड म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा. सायबरपंक २०७७ हा गेम मात्र ६४ जीबीच्या कार्डात पूर्ण बसवलाय, म्हणजे ‘कार्डात जागाच नव्हती’ ही गेम काढणाऱ्यांची सबब सगळ्यांना लागू पडत नाही.

डिजिटल गेम घेणार असाल तर व्हर्च्युअल गेम कार्ड नावाची व्यवस्था आहे. एक गेम एका वेळी दोनपैकी एका कन्सोलवर, आणि फॅमिली ग्रुपमधल्या माणसाला १४ दिवस उसना. उसना देताना दोन्ही कन्सोल जवळ-जवळ लागतात, त्यामुळे पुण्याच्या भावाला नाशिकहून देता येत नाही. तो सुट्टीला येईल तेव्हाच.

राहिली दाद. मे २०२५ मध्ये निन्टेन्डोने अमेरिकेतल्या अटी बदलल्या. नियम मोडले तर सेवा किंवा यंत्र पूर्णतः वा अंशतः कायमचं निरुपयोगी करण्याचा हक्क तिने त्यात लिहून घेतला. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या ग्राहक संरक्षण संस्थेने यावर हरकत घेतली. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’, म्हणजे ग्राहकावर लादलेल्या एकतर्फी अटी, ही कल्पना आहे. पण त्या मुद्द्यावरची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य आयोगात न्यावी लागते. त्यातून निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्रीच नाही. एका कन्सोलसाठी ही लढाई मी तरी कुणाला सुचवणार नाही.

दुकानदाराविरुद्धची लढाई मात्र सोपी आहे, आणि म्हणूनच त्याला बिल द्यायचं नाही. माल विकून बिल न देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत परत न घेणं हीसुद्धा. बिलात मुदतच नसेल तर ३० दिवस धरतात. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि हे एक वाक्यही: ‘बहुभाषिक, ऑनलाइन सेवा चालू असलेला’. मग तो बॅन झालेला निघाला तर वाद उरत नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन. तिथे मिटलं नाही तर ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवरून जिल्हा आयोगात तक्रार, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते.

हे सगळं दुकानासाठी. ओएलएक्सवर एखाद्या खाजगी माणसाकडून घेतलंत तर तो व्यापारी ठरत नाही, ग्राहक आयोगाचा रस्ता बंद. तिथे ती हॉटस्पॉटची चाचणीच तुमची वॉरंटी.