युनियनची वर्गणी पगारातून कापता येते का?

प्रश्न: भाऊ, मी अमळनेरला पोस्टात आहे. पुतण्या अमेरिकेत सरकारी नोकरीत, तो म्हणतो तिकडे कोर्टाने युनियनची फीच बंद केली. खरंय का? आणि आपल्याकडे काय?

उत्तर: फी नाही हो, सक्ती बंद केली. तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या १९७७ च्या अबूड खटल्यातल्या निकालापासून तिथं असं चालायचं की सरकारी नोकर मेंबर नसला तरी युनियन त्याच्याही पगाराची बोलणी करते ना, म्हणून त्या खर्चाचा वाटा त्याच्याकडूनही घेता यायचा, मग इलिनॉयच्या मार्क जॅनस नावाच्या कर्मचाऱ्याने महिन्याला कापल्या जाणाऱ्या सुमारे ४५ डॉलरवरून केस लढवली आणि जून २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं, स्पष्ट होकार नसेल तर एक पैसा कापायचा नाही, ते भाषणस्वातंत्र्याच्या विरोधात जातं. प्रायव्हेटवाल्यांना हा निकाल लागू नाही.

तुमच्याकडे केंद्राच्या १९९३ च्या नियमांप्रमाणे पगारातून वर्गणी कापायला लेखी संमती लागतेच, सही केलेला फॉर्म बघा एकदा. पण थोडे पैसे वाचवायला ती बंद करू नका भाऊ, बदली-प्रमोशनची भांडणं त्याच पैशावर लढली जातात.