सिंक बंद करा, पण आधी फायली खाली उतरवा

नवा लॅपटॉप सुरू केला, विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं आणि दोन दिवसांनी लक्षात आलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो सगळंच वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर (इंटरनेटवरच्या साठ्यात) चढलंय. कंपनी हे वाचते का, आणि तिथलं सगळं डिलीट करून टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

दुसरा प्रश्न तातडीचा, म्हणून तो आधी घेतो. आत्ता काहीही डिलीट करू नका. सिंक म्हणजे लॅपटॉप आणि क्लाउड आपोआप जुळवत राहणं, त्यामुळे तिकडून उडवलेली फाइल इकडूनही उडते. फाइलशेजारचं चिन्ह बघा. निळा ढग असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, दिसतंय ते नुसतं नाव. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, हिरवी खूण येईपर्यंत थांबा आणि सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मगच वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधल्या ‘मॅनेज बॅकअप’मध्ये जाऊन एकेक फोल्डर बंद करा. त्यानंतर डेस्कटॉप रिकामा दिसला तरी घाबरू नका, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरात सापडतील, तिथून त्या परत डेस्कटॉपवर हलवा. क्लाउडवरच्या प्रती सर्वांत शेवटी काढा आणि तिथलं रिसायकल बिनही रिकामं करा, नाहीतर वैयक्तिक खात्यात त्या 30 दिवस पडून राहतात.

आता वाचण्याबद्दल. सहसा कोणी माणूस बसून तुमच्या फायली चाळत नाही. पण कुलपाची चावी कंपनीकडे असते, हे खरं. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांच्या साध्या खात्यात फायली एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होतात, पण किल्ली त्यांच्याच हातात. म्हणून त्यांची यंत्रणा मजकूर तपासू शकते आणि कोर्टाचा आदेश आला तर फाइल उघडून देता येते. 2022 मध्ये अमेरिकेतली एक बातमी गाजली होती. एका वडिलांनी डॉक्टरांना दाखवायला आजारी मुलाचा फोटो काढला, तो आपोआप क्लाउडवर गेला, गूगलच्या यंत्रणेला तो आक्षेपार्ह वाटला आणि खातं बंद झालं. पोलिसांनी गुन्हा नाही म्हटलं, तरी खातं परत मिळालं नाही. हे मला फार अस्वस्थ करतं, कारण तो फोटो तिथे ठेवायचं त्यांनी मुद्दाम ठरवलंच नव्हतं.

क्लाउड हवाच असेल तर किल्ली स्वतःकडे ठेवा. मी क्रिप्टोमेटर नावाचा प्रोग्राम वापरतो. अपलोड होण्याआधी तो फाइलचा मजकूर आणि नाव दोन्ही लपवतो, आकार आणि वेळ मात्र झाकत नाही. अ‍ॅपलवर डिसेंबर 2022 पासून ‘अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ आहे, त्यात आयक्लाउडमधल्या बहुतेक फायलींची किल्ली तुमच्याकडेच राहते, पण ते ज्या देशांत मिळतं तिथे स्वतः चालू करावं लागतं. मेल, संपर्क आणि कॅलेंडर त्यात येत नाहीत. दोन्हीकडे पासवर्ड आणि रिकव्हरी की (फायली परत उघडायची राखीव किल्ली) हरवली तर कंपनी मदत करू शकत नाही, म्हणून ती कागदावर लिहून ठेवा. दोन मशीनमध्ये फक्त फायली जुळवायच्या असतील तर सिंकथिंग हा प्रोग्राम पुरतो, मध्ये साठवणारा सर्व्हरच नसतो.

एक गोष्ट स्वतःच्या अनुभवाची. माझ्या आईचा तपासणी अहवाल मी डेस्कटॉपवर सेव्ह केला होता. संध्याकाळी भाचा टॅबवर चित्रं शोधत होता आणि ‘अलीकडचे’मध्ये सर्वांत वर तोच अहवाल, निदानासकट. आम्ही घरात अजून कोणाला सांगितलं नव्हतं. त्या टॅबवर माझं जुनं लॉगिन तसंच राहिलं होतं. तेव्हा आज रात्रीच खात्यातली डिव्हाइसची यादी उघडा, विकलेला फोन आणि जुन्या ऑफिसचा संगणक तिथून साइन आउट करा, मग पासवर्ड बदला.