रोड्सची सहल: जुलैचं कर्ज की सप्टेंबरची बचत?

प्रश्न: आम्ही नाशिकला राहतो, दोघंही नोकरी करतो, वय ३४ आणि ३२. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,१८,००० रुपये. घरकर्जाचा हप्ता ३१,०००, घरखर्च ४८,०००, एसआयपी १५,०००. महिन्याला २४,००० उरतात. सहलीसाठी १,६०,००० साठवले आहेत. अडीअडचणीसाठी ४ लाखांची एफडी आहे, तिला दोन वर्षं झाली. येत्या जुलैत ग्रीसमधल्या रोड्स बेटावर जायचं ठरतंय. मला तिथला सरदारांचा किल्ला आणि जुनं शहर पाहायचंय, नवऱ्याला बीच आणि रात्रीची धमाल हवी आहे. एजंटने सात रात्री फालिराकी (बेटावरचं बीचचं गाव) आणि एक रात्र अथेन्स असं दोघांचं ५,६०,००० चं पॅकेज दिलंय. ऑक्टोबर संपायच्या आत बुकिंग केलं तरच हा दर. ४ लाखांचं पर्सनल लोन १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी मिळतंय. ते घ्यावं, एफडी मोडावी, की वर्षभर एसआयपी थांबवावी?

उत्तर: यातलं काहीच करू नका. जुलैऐवजी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जा, मुक्काम फालिराकीऐवजी रोड्स शहरात ठेवा आणि बुकिंग स्वतः करा. हीच सहल साधारण ३,८०,००० मध्ये बसते आणि तेवढे पैसे निघायच्या आधी तुमच्या खात्यात जमलेले असतात.

आधी कर्जाचं पाहू. ४ लाख, १३ टक्के, ३६ महिने म्हणजे हप्ता सुमारे १३,४८० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ८५,००० रुपये. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. म्हणजे ५,६०,००० ची सहल ६,४५,००० ला पडते. त्याहून मला जास्त खटकतं ते हे, की महिन्याची शिल्लक २४,००० वरून साडेदहा हजारांवर येते आणि तीन वर्षं तिथेच राहते. आठ रात्रींसाठी छत्तीस महिने हात बांधून घेणं तुमच्या उत्पन्नाला परवडत नाही. शिवाय व्हिसाच्या अर्जाला बँकेचं स्टेटमेंट जोडावं लागतं. नेहमीच्या पगाराच्या नोंदींमध्ये अचानक ४ लाख जमा झालेले दिसले, तर ते कुठून आले हे अधिकारी विचारतोच. दरमहा थोडी थोडी वाढत गेलेली शिल्लक तिथेही उपयोगी पडते.

एफडी मोडणं कर्जापेक्षा स्वस्त आहे हे खरं. मुदतीआधी मोडली तर बँक प्रत्यक्ष ठेवलेल्या काळाचा दर लावते आणि त्यातून बहुधा अर्धा ते एक टक्का कापते. दोन वर्षांच्या ४ लाखांवर हा फटका सात-आठ हजारांच्या आसपास बसेल. पण तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ७९,००० होतात. ही एफडी म्हणजे जेमतेम पाच महिन्यांची तरतूद. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर तीच घर चालवेल. ती सहलीत घालू नका. एसआयपी थांबवूनही पुरेसे पैसे उभे राहत नाहीत, आणि थांबलेली एसआयपी ठरल्या तारखेला पुन्हा सुरू होतेच असं नाही.

आता सहलीच्या हिशेबाकडे वळू. रोड्समध्ये खर्च ठरवणाऱ्या गोष्टी दोनच: तारीख आणि बिछाना कुठे टाकला ते. किल्ल्याचं तिकीट जुलैत तेवढंच आणि सप्टेंबरातही तेवढंच. खोली आणि विमानाचं तसं नाही. जुलै-ऑगस्टला सगळ्या युरोपच्या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत सगळंच महाग. त्यात कडक ऊन. जुलै २०२३ मध्ये बेटावर वणवा पेटला तेव्हा सुमारे १९,००० लोकांना हलवावं लागलं होतं. उष्णतेची लाट आली की प्राचीन स्थळं भर दुपारी बंद ठेवली जातात, आणि मेल्तेमी हा उत्तरेचा वारा जोरात असला की बोटी रद्द होतात. सप्टेंबरअखेर समुद्र उन्हाळाभर तापलेला, म्हणून पोहायला छान, आणि जुन्या शहराच्या गल्ल्यांत दुपारीही फिरता येतं.

नवऱ्याच्या बाजूने एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण इथे खरी तडजोड आहे. फालिराकीची बार स्ट्रीट हंगामावर चालते. सप्टेंबर सरता सरता तिथली गर्दी ओसरते आणि ऑक्टोबरात एकेक शटर खाली येतं. म्हणून ऑक्टोबरचा मध्य आणखी स्वस्त असला तरी तो निवडू नका. रोड्स शहरात तसं होत नाही. नव्या शहरातला ऑर्फानिदू रस्ता आणि जुन्या शहरातले लहान बार स्थानिक लोकांवर आणि एजियन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवरही चालतात. पाच दिवस भटकंती आणि तीन रात्री धमाल असा तुमचा बेत असेल, तर नव्या शहरात, मंद्राकी बंदराच्या जवळ राहणंच फायद्याचं. किल्ला चालत दहा-पंधरा मिनिटांवर, लिंडोस या प्राचीन गावाची बस जवळच्या नव्या बाजाराशेजारून सुटते, आणि रात्री चालत खोलीवर येता येतं. फालिराकी शहरापासून साधारण १४ किलोमीटर. तिथे राहिलात तर किल्ल्यासाठी रोज बस. शहरात राहिलात तर फालिराकीसाठी एका रात्रीची टॅक्सी. मध्यरात्र ते पहाटे ५ टॅक्सीचा मीटर महागड्या दराने पडतो, पण ती एकच रात्र.

तटबंदीच्या आत राहण्याचा मोह तुम्हाला होईल. आत गाड्यांना बंधन आहे, रस्ते गोट्यांचे आहेत, चाकांची बॅग त्यावरून ओढणं त्रासाचं आणि काही चौकांत संगीत उशिरापर्यंत चालतं. एक मोठी बॅग घेणार असाल तर आत राहू नका.

माझा हिशेब असा. युरो ११० रुपये धरलाय. मुंबई–अथेन्स–मुंबई आणि अथेन्स–रोड्स जाऊन-येऊन, दोघांचं मिळून १,२५,०००. व्हिसा माणशी ९० युरो, म्हणजे दोघांचे १९,८००. सेवाशुल्क, विमा आणि कागदपत्रं धरून ३०,०००. रोड्सला तीन तारांकित हॉटेल ७५ युरोप्रमाणे सात रात्री, अथेन्सला ९० ची एक. वर हवामान कर. हा कर बहुतेक जण विसरतात. ऑनलाइन दरात तो धरलेला नसतो, हॉटेलवर पोहोचल्यावर द्यावा लागतो. एप्रिल ते ऑक्टोबर तीन तारांकितला खोलीमागे रात्रीला ५ युरो, चार तारांकितला १०, पाचला १५. तुमच्या आठ रात्रींचे ४० युरो. राहण्याचे सगळे मिळून ७२,०००. जेवण दोघांचं दिवसाला ६० युरो, आठ दिवसांचे ५३,०००. तिकिटं आणि सिमी बेटाची बोट २७,५००. बस, टॅक्सी, एक दिवस भाड्याची गाडी २०,०००. रात्रीच्या मजेसाठी तीन रात्री, रात्रीला ६० युरो, म्हणजे २०,०००. बेरीज ३,४७,५००, वर दहा टक्के सोडले की ३,८२,०००. यातली युरोतली बाजू सुमारे १,७५० युरोंची आहे. युरो पाच टक्के वधारला तरी साडेनऊ हजारच वाढतील, ते त्या दहा टक्क्यांत मावतात.

तुमच्याकडे १,६०,००० आहेत. आत्तापासून सप्टेंबरपर्यंत अकरा महिने, महिन्याला २०,००० ची आवर्ती ठेव. २,२०,००० झाले. बरोबर पुरतं, एसआयपीला हात न लावता, आणि तरी महिन्याला ४,००० मोकळे राहतात. हे पैसे शेअर फंडात टाकू नका. अकरा महिन्यांत बाजार पडला तर सहलच पडेल.

तिकिटांचा क्रम चुकला की पैसा जातो. विमानाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या, तेव्हा १,६०,००० हातात असतातच. हॉटेल फुकट रद्द करता येणारंच घ्या, कारण व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही आणि साधारण प्रवास विमा ते भरून देत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, जूनमध्ये करा. विम्यात किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण बंधनकारक आहे. पॉलिसीतलं वगळणुकीचं पान दोघांनी वाचा: दारूच्या अमलाखाली झालेली इजा बहुतेक पॉलिसींत येत नाही, आणि चारचाकी क्वाड बाइकवरचा अपघातही अनेकदा येत नाही. रोड्सला या दोन गोष्टी एकाच संध्याकाळी घडू शकतात. परतीला अथेन्सची रात्र शेवटी ठेवा. रोड्सचं विमान आणि मुंबईचं विमान वेगळ्या तिकिटांवर असेल आणि पहिलं उशिरा आलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात.

आणखी एक सापळा. मंद्राकीवर तुर्कस्तानातल्या मार्मारिसच्या दिवसभराच्या सहलीच्या पाट्या दिसतील. तुर्कस्तान शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तुमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर तिथे गेलात की तो संपला, संध्याकाळी रोड्सला परत येता येणार नाही. त्याऐवजी सिमीला जा. तेही ग्रीसच, बोटीने साधारण तास-दीड तास.

किल्ल्याचं सांगायचं तर तिकिटांपेक्षा वेळ महाग आहे. १३०९ ते १५२२ हॉस्पिटलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या पंथातल्या सरदारांनी हे शहर राखलं आणि तुर्की सुलतान सुलेमानच्या वेढ्यानंतर सोडलं. त्यांच्या मुख्याचा जो राजवाडा आज दिसतो, तो १८५६ च्या दारूगोळ्याच्या स्फोटात उद्ध्वस्त झाला होता आणि १९३७ ते १९४० मध्ये इटालियनांनी पुन्हा बांधला. राजवाडा आणि लिंडोसचं अक्रोपोलिस (टेकडीवरचा प्राचीन गड) यांना प्रत्येकी माणशी २० युरो धरा, पुरातत्त्व संग्रहालयाला १०, अथेन्सच्या अक्रोपोलिसला ३०. सरदारांचा रस्ता, खंदक, सोक्रातूस रस्ता, सुलेमान मशिदीचा परिसर आणि मॉन्टे स्मिथ टेकडीवरचे प्राचीन अवशेष बघायला पैसे लागत नाहीत, आणि माझ्या मते रोड्सचा निम्मा आनंद त्यातच आहे. खंदकातून एक चक्कर नक्की मारा. तटाची खरी उंची तिथून कळते.

लिंडोस सुमारे ५० किलोमीटर. शहरातून पहिली बस पकडा. मंद्राकीहून जाणाऱ्या दिवसाच्या बोटी दोन तास घेतात आणि भर उन्हात, गर्दीच्या ऐन वेळी पोहोचवतात. वर जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आणि सावली जवळजवळ नाही. म्हणून लिंडोसच्या आदल्या रात्री धमाल ठेवू नका. ग्रीक लोक रात्री नऊ-दहाला जेवतात आणि क्लब एकनंतर भरतात. तीन वाजता झोपून सहाला उठणं होत नाही. मग दुपारी टॅक्सीने जावं लागतं आणि एका रात्रीचा खर्च दुप्पट होतो. रात्र जागवली की दुसरा दिवस बीचचा, असा क्रम ठेवा.

बारमध्ये पैसे नेमके कुठे गळतात? रस्त्यावर हात धरून फुकट शॉट देणारे बार त्याची भरपाई पुढच्या पेल्यात करतात. भेसळीच्या दारूला ग्रीक लोक ‘बोम्बा’ म्हणतात. सीलबंद बाटलीतली बिअर किंवा डोळ्यांसमोर ओतलेलं पेयच घ्या. क्लबात टेबलावर बसायच्या आधी किमान खर्चाची अट विचारा. ती बहुधा बाटलीच्या रूपात असते. प्रत्येक फेरीचे पैसे तिथल्या तिथे द्या. तावेर्नात, म्हणजे तिथल्या खाणावळीत, मासळीचा भाव किलोवर लिहिलेला असतो, म्हणून मासा तोलून, रक्कम ऐकून मग शिजवायला सांगा. पावती दिली नाही तर ग्राहकाने पैसे देणं बंधनकारक नाही, हे तिथल्या मेनूवरच छापलेलं असतं. पावती मागायला लाजू नका.

कार्डाच्या मशीनवर ‘रुपयांत की युरोत’ असं आलं की युरो निवडा. रुपयांच्या दरात दुकानाच्या बँकेचं कमिशन मिसळलेलं असतं. आपल्या साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभराला चार रुपयांहून जास्त. शून्य शुल्काचं कार्ड किंवा आधी भरलेलं फॉरेक्स कार्ड घ्या, २०० युरो रोख न्या आणि रोख संपली तर बँकेच्या भिंतीतल्याच एटीएममधून काढा. दुकानांबाहेरची सुटी मशीनं जास्त शुल्क घेतात.

एजंटला तरीही एकदा लेखी विचारा: ५,६०,००० मध्ये जीएसटी आणि टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ गोळा केलेला आयकर) धरलाय का, हवामान कर कोण भरणार, दुपार-रात्रीची जेवणं आणि तिकिटं आत आहेत का, व्हिसा नाकारला तर किती परत. टीसीएस हा वाढीव खर्च नाही. ज्याच्या पॅनवर जमा झाला त्याला तो रिटर्नमध्ये किंवा कंपनीला कळवून पगारातल्या टीडीएसमध्ये वळता करता येतो. पण तोवर पैसे अडकतात. स्वतः बुकिंग केलंत आणि फॉरेक्स कार्डावर वर्षाला १० लाखांच्या आत राहिलात, तर तो लागतच नाही.

आवर्ती ठेव या महिन्याच्या पगारातच सुरू करा, आणि तिची मुदत ऑगस्टअखेर संपेल अशी ठेवा; म्हणजे फॉरेक्स कार्ड भरायला तीन आठवडे मिळतात.