वाचकांचे प्रश्न : अंडी फ्रिजमध्ये की फडताळात?

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत राहते. तिथे दुकानात अंडी साध्या फळीवर मांडलेली असतात. अमेरिकेत राहणारा भाचा मात्र सांगतो की, तिकडे अंडी फ्रिजबाहेर ठेवणे धोक्याचे समजतात. आमच्या वाण्याकडे अंड्यांचे ट्रे दुकानाच्या पायरीवर रचलेले असतात आणि आम्ही ती घरी आणून फ्रिजमध्ये ठेवतो. यातले योग्य काय?
— एक वाचक, अकोला

उत्तर : मुलगी आणि भाचा दोघेही आपापल्या देशापुरते खरे तेच सांगत आहेत. दोन्हीकडच्या पद्धतींत एवढा फरक का पडला, हे अंड्याच्या कवचाकडे पाहिले की समजते. कोंबडी अंडे घालते तेव्हा त्यावर एक ओलसर थर असतो. तो काही मिनिटांत वाळतो आणि कवचावरच्या हजारो सूक्ष्म छिद्रांना झाकून टाकतो. आतल्या पिल्लाला हवा मिळावी म्हणून ही छिद्रे असतात, परंतु त्याच वाटेने जंतूही आत शिरू शकतात. म्हणून हा वरचा थर शाबूत राहणे फार महत्त्वाचे असते.

अमेरिकेत मोठ्या फार्मवरची अंडी धुऊनच बाजारात येतात. धुण्यामुळे विष्ठेची घाण जाते, पण तिच्याबरोबर हा संरक्षक थरही बराचसा जातो. त्यामुळे धुतलेली अंडी सुमारे ७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवण्याचे बंधन तिथल्या व्यापाऱ्यांवर आहे. युरोपीय संघात नेमके याच्या उलट आहे. तिथे 'अ' वर्गाची अंडी धुण्यास मनाई आहे आणि विक्रीपूर्वी ती अतिथंड करण्यासही मनाई आहे, कारण थंडगार अंडे उबदार हवेत आले की त्यावर दव धरते आणि त्या ओलाव्यातून जंतूंना आत जाणे सोपे होते. मात्र जर्मनीतल्या दुकानातले चित्र पाहून एक गोष्ट नजरेतून सुटते. तिथल्या वेष्टनावरच, घरी नेल्यावर अंडी थंड जागी ठेवावीत अशी सूचना छापलेली असते, आणि वापराची मुदतही अंडे घातल्या दिवसापासून जास्तीत जास्त २८ दिवसांची असते. म्हणजे दुकानात फळीवर आणि घरी फ्रिजमध्ये, अशी ती पद्धत आहे.

जंतूंबद्दल बोलताना मुख्य भीती साल्मोनेला या जंतूची असते. तो विष्ठेतून कवचावर येतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याचा एक प्रकार कोंबडीच्या अंडाशयातच वस्ती करतो आणि कवच तयार होण्यापूर्वीच अंड्यात जाऊन बसतो. असे अंडे बाहेरून कितीही स्वच्छ दिसले तरी आत जंतू असू शकतो. ब्रिटनमध्ये १९८८ साली याच जंतूवरून मोठा गदारोळ झाला आणि एडविना करी या मंत्रिणीला राजीनामा द्यावा लागला. पुढे तिथल्या अंडी उत्पादकांनी कोंबड्यांना लस देण्याची पद्धत सुरू केली, अंड्यांवर सिंहाचा शिक्का आला, आणि २०१७ साली तिथल्या अन्न सुरक्षा यंत्रणेने असा शिक्का असलेली अंडी गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी कमी शिजवून खाण्यासही हरकत नाही, असे जाहीर केले. आपल्या वाण्याकडच्या सुट्या अंड्यावर अशी खात्री देणारी कोणतीही खूण नसते, ही गोष्ट लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

आपल्याकडची सुटी अंडी बहुधा न धुतलेली असतात, म्हणजे वरचा थर असतो. पण ती थंड साखळीतूनही, म्हणजे फार्मपासून दुकानापर्यंत सतत थंड ठेवूनही, येत नाहीत. महाराष्ट्राला लागणारी बरीच अंडी तेलंगण, आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडूतून येतात. नामक्कलहून मुंबईला निघालेला ट्रक हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापतो आणि त्यात तीस-तीस अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे रचलेले असतात. त्यानंतर घाऊक व्यापारी, मग वाणी, मग आपण. थोडक्यात, अंडे आपल्या हाती येते तेव्हा त्याचे काही दिवस उन्हाच्या हवेत आधीच खर्च झालेले असतात. उरलेले दिवस कसे जातील, एवढेच आपल्या हाती असते.

तापमानाने अंड्यात काय होते, हे दोन अंडी शेजारी शेजारी बशीत फोडून पाहिल्यास स्पष्ट दिसते. ताज्या अंड्याचा बलक गोल, उंच उभा राहतो आणि त्याभोवती पांढऱ्याचे घट्ट कडे असते. मे महिन्यात आठवडाभर ओट्यावर राहिलेल्या अंड्याचा पांढरा भाग पाण्यासारखा बशीच्या कडेपर्यंत पसरतो, बलक चपटा होतो आणि चमचा लावताच फुटतो. हा बदल केवळ दिसण्यापुरता नाही. पांढऱ्या भागात जंतूंना रोखणारी द्रव्ये असतात. त्यांतले एक जंतूंची भिंत फोडते, दुसरे त्यांना लागणारे लोह बांधून ठेवते. म्हणूनच आत जंतू असला तरी तो बराच काळ वाढत नाही. परंतु बलकाभोवतीचा नाजूक पापुद्रा उष्णतेने सैल पडला की बलकातले पोषण पांढऱ्यात झिरपते आणि जंतूला खाद्य मिळते. साधारण २० अंश तापमानात या गोष्टीला तीन आठवड्यांच्या आसपास वेळ लागतो. ३० अंशांच्या पुढे तोच प्रवास फार झपाट्याने होतो. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जातो. युरोपातल्या दुकानातली फळी आणि आपल्या पायरीवरचा ट्रे यांची तुलना इथेच संपते.

तेव्हा आपली पद्धत बरोबर आहे. महाराष्ट्रात अंडी घरी आणल्यावर फ्रिजमध्येच ठेवावीत, आणि एकदा आत ठेवली की लागतील तेवढीच बाहेर काढावीत. माझ्या मते अंडी बाहेर राहण्यापेक्षा ती आत-बाहेर होत राहणे अधिक वाईट. केकसाठी अंडे अर्धा तास आधी काढून ठेवण्यात काहीच गैर नाही, मात्र उरलेले अंडे ओट्यावर विसरून, संध्याकाळी पुन्हा आत ठेवून, दुसऱ्या दिवशी परत काढणे टाळावे. फ्रिजच्या दारात अंड्यांसाठी खोबणी दिलेल्या असतात. ती जागा खरे तर सर्वांत गैरसोयीची, कारण दार उघडले की पहिला गरम झोत तिथेच लागतो. मधल्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, अंड्याची टोकदार बाजू खाली करून ठेवावीत. हवेची पोकळी रुंद बाजूला असते, ती वर राहिली की बलक मध्यावर राहतो. अशा रीतीने ठेवलेले ताजे अंडे तीन ते पाच आठवडे चांगले राहते. सुट्या अंड्याचे आधीचे दिवस ठाऊक नसल्याने ते दोन-तीन आठवड्यांत संपवावे, असे मी सुचवेन.

प्रश्न : बाजारातून आणलेली अंडी मी धुऊन, पुसून फ्रिजमध्ये ठेवते. सासूबाई म्हणतात, धुऊ नयेत. घाण लागलेली अंडी तशीच फ्रिजमध्ये ठेवायची का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे. वर सांगितलेला थर धुण्याने निघतो, हे एक कारण. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. नळाचे गार पाणी उबदार अंड्यावर पडले की आतला भाग आकसतो आणि छिद्रांतून बाहेरचे पाणी, त्यातल्या जंतूंसह, आत ओढले जाते. म्हणून तर ज्या देशांत अंडी धुतात तिथे पाणी अंड्यापेक्षा गरम असावे असा दंडक आहे. घरच्या मोरीत ते जमत नाही.

माती किंवा पीस चिकटले असेल तर कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. विष्ठा जास्त लागलेली असेल तर ते अंडे वेगळ्या वाटीत ठेवावे, वापरण्याच्या क्षणी कोमट वाहत्या पाण्याखाली धुवावे आणि लगेच पूर्ण शिजवावे. तडा गेलेले अंडे दुकानातून घेऊच नये. घरी येताना तडकले तर फोडून झाकणाच्या भांड्यात, फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन दिवसांच्या आत नीट शिजवून संपवावे. कच्चे अंडे हाताळल्यावर हात साबणाने धुणे, हे अंडे धुण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे.

आपण कोकणात राहता म्हणून आणखी दोन गोष्टी सांगतो. पावसाळ्यात पुठ्ठ्याचा ट्रे दमट होतो आणि कवचावर बुरशी धरते, तेव्हा त्या दिवसांत अंडी ट्रेमधून काढून कोरड्या डब्यात ठेवावीत. त्याच छिद्रांतून वासही आत जातो, त्यामुळे सुके बोंबील किंवा कापलेला फणस यांच्या शेजारी अंडी ठेवू नयेत.

खोक्यात बंद मिळणारी काही अंडी 'धुतलेली' किंवा 'निर्जंतुक केलेली' अशी नोंद असलेली असतात. तशी नोंद असेल तर ती फ्रिजबाहेर ठेवू नयेत.

प्रश्न : आमच्याकडे फ्रिज नाही. घरच्या गावरान कोंबड्यांची अंडी टोपलीत भुश्यात ठेवतो. उन्हाळ्यात काही अंडी फोडल्यावर आत रक्ताच्या रेषा दिसतात. ती खाल्लेली चालतील का?
— एक वाचक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : फार्मवरच्या अंड्यात आणि आपल्या अंगणातल्या अंड्यात एक मूलभूत फरक आहे. फार्मवर कोंबडे नसतात, त्यामुळे ती अंडी फलित नसतात. आपल्या घरी कोंबडा असल्यास बहुतेक अंडी फलित असतात. खुडूक बसलेली कोंबडी अंड्यांना जी ऊब देते ती साधारण ३७-३८ अंशांची असते, आणि तुमच्याकडचा वैशाख तेवढी ऊब टोपलीलाही देतो. कोंबडी न बसताही अंड्यात पिल्लाची वाढ सुरू होते, मग तापमान खाली-वर झाल्याने ती मध्येच थांबते आणि अंडे नासू लागते. जाळ्यासारख्या पसरलेल्या रक्ताच्या रेषा ही त्याचीच खूण, तेव्हा तसे अंडे खाऊ नये. बलकावर नुसता एखादा तांबडा ठिपका असेल तर तो कोंबडीच्या पोटात बारीक रक्तवाहिनी फुटल्याने आलेला असतो. तो चमच्याने काढून अंडे शिजवून खाण्यास हरकत नाही.

उपाय असा की, अंडी रोज, शक्यतो सकाळ-संध्याकाळ दोनदा गोळा करावीत. ती खुडूक कोंबडीखाली राहू देऊ नयेत. घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावीत. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात मोठ्या कुंडीत ओली वाळू भरून, तिच्यात लहान मडके बसवून, मडक्यात अंडी ठेवून वर ओले गोणपाट टाकल्यास आतला भाग बाहेरच्यापेक्षा बराच थंड राहतो. मडक्याच्या तळाशी कोरडा भुसा घालावा, कारण अंड्याला स्वतःला ओल लागता कामा नये. कोकणातल्या दमट हवेत मात्र या युक्तीचा उपयोग होत नाही. एवढे करूनही उन्हाळ्यात तीन दिवसांपलीकडे आणि हिवाळ्यात आठवड्यापलीकडे अंडी साठवू नयेत, आणि अंडे थेट कढईत न फोडता आधी वाटीत फोडून पाहावे. एका नासक्या अंड्यापायी आधीची चार चांगली अंडी वाया जात नाहीत.

अंडे पाण्यात टाकून पाहण्याची रीत घरोघरी आहे. जुने होताना अंड्यातले पाणी उडते, पोकळी मोठी होते आणि ते तरंगते. तेव्हा तरंगणारे अंडे टाकून द्यावे, हे ठीकच. परंतु बुडालेल्या अंड्यात साल्मोनेला नाही, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही.

प्रश्न : मुलांच्या डब्यात उकडलेली अंडी देते. रात्री उकडून ओट्यावर ठेवली तर चालतात का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालत नाहीत. उकडलेले अंडे अधिक टिकते हा समज उलटा आहे. उकळताना कवचावरचा थर निघून जातो आणि पांढऱ्यातली जंतुरोधक द्रव्येही निकामी होतात, त्यामुळे ते कच्च्या अंड्यापेक्षा लवकर खराब होते. उकडल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये गेले पाहिजे. कवचासकट ठेवल्यास तिथे आठवडाभर राहते. डब्यासाठी सकाळी उकडणे उत्तम, आणि मधल्या सुट्टीला फार उशीर होत असेल तर उन्हाळ्यात ते देऊ नये. बलकाभोवती दिसणारे हिरवट कडे मात्र निरुपद्रवी आहे. जास्त वेळ उकळल्याने बलकातले लोह आणि पांढऱ्यातले गंधक एकत्र येऊन ते तयार होते.

प्रश्न : अंडी नेहमी फ्रिजमध्ये ठेवली तर हाफ फ्राय आणि घरी केलेले मेयोनीज निर्धास्त खाता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. थंडीमुळे साल्मोनेलाची वाढ थांबते, तो मरत नाही. तो मरतो उष्णतेने. अंड्याचा मध्यभाग ७१ अंशांपर्यंत तापला, म्हणजे पांढरा आणि बलक दोन्ही घट्ट झाले, की भीती राहत नाही. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमध्ये ही पायरीच नसते. केरळने २०२३ मध्ये, तेलंगणने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये अशा मेयोनीजवर बंदी घातली ती याच कारणाने. घरी करायचेच असेल तर अंड्याशिवाय, दुधाचे करावे.

हाफ फ्रायबद्दल माझे मत स्पष्ट आहे : पाच वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया, पासष्टीच्या पुढची माणसे आणि कर्करोगाचे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार चालू असलेले रुग्ण यांना ते देऊ नये. धडधाकट माणसाने खायचे ठरवले तर अंडे ताजे आणि सतत थंड ठेवलेले असावे, आणि केल्या केल्या खावे. अंडे खाल्ल्यानंतर सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही ताप, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू झाल्यास मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस देत राहावे. रुग्ण वरच्या गटातला असेल, किंवा शौचावाटे रक्त जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि काय खाल्ले होते हे त्यांना आवर्जून सांगावे.