बचत खाते उणे झाले असेल तर पैसे भरण्यापूर्वी

नमस्कार. आपण मांडलेली हकीकत थोडक्यात अशी आहे: नोकरी सोडल्यावर पगाराचे खाते तसेच पडून राहिले आणि त्यात १,१८० रुपये शिल्लक होते. पुढे पाच महिने, किमान शिल्लक राखली नाही म्हणून, बँकेने दरमहा वस्तू व सेवा कर धरून ५९० रुपये कापले. चौथ्या महिन्यात विम्याचा हप्ता खात्यातून वळता होऊ शकला नाही, त्याचे २९५ रुपये वेगळे लागले. आता खात्यावर उणे २,०६५ रुपये दिसत आहेत आणि ते त्वरित भरावेत असा संदेश आला आहे. माझी आपणास कळकळीची विनंती आहे की ही रक्कम आज भरू नका. बहुतेक खातेदार भीतीपोटी किंवा कटकट नको म्हणून पैसे भरून मोकळे होतात, आणि जे द्यावे लागत नव्हते तेही देऊन बसतात.

हे २,०६५ रुपये एकाच प्रकारचे देणे नाही, हे सर्वप्रथम लक्षात घ्यावे. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी अनुसूचित वाणिज्य बँकांना सूचना दिल्या आणि त्या १ एप्रिल २०१५ पासून लागू झाल्या. किमान शिल्लक न राखल्याच्या आकारणीमुळे, केवळ त्या कारणाने, बचत खाते उणे होता कामा नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. आपल्या पहिल्या दोन महिन्यांच्या कपातीत १,१८० रुपये संपले आणि खाते शून्यावर आले. त्यानंतरच्या तीन महिन्यांचे १,७७० रुपये कापून खाते शून्याच्या खाली नेण्यात आले, आणि नेमकी हीच गोष्ट या सूचनांना धरून नाही. उरलेले २९५ रुपये मात्र व्यवहार परत गेल्याचे आहेत. त्यांना हे संरक्षण लागू होत नाही, त्यामुळे दोन्ही रकमा एकत्र करून वाद घालू नये. तसे केल्यास बँक योग्य आकाराकडे बोट दाखवून अयोग्य आकाराबद्दलही मौन बाळगते.

पहिले १,१८० रुपयेही गेलेच असे समजू नका. शिल्लक कमी पडल्यास बँकेने लघुसंदेश, ईमेल किंवा पत्राने खातेदाराला तसे कळवायचे असते आणि ती भरून काढण्यासाठी सूचनेच्या तारखेपासून किमान एक महिना द्यायचा असतो. त्या मुदतीनंतरच आकार घेता येतो. पगार जमा होणे काही महिने थांबले की पगाराचे खाते साध्या बचत खात्यात बदलले जाते आणि तिथून किमान शिल्लकेची अट सुरू होते. हा बदल आणि त्यानंतरची तूट, दोन्ही आपल्याला कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने कळवले, हे बँकेला विचारा. संदेश कार्यालयाच्या जुन्या ईमेलवर गेला असण्याचीही शक्यता आहे, म्हणून खात्याशी जोडलेला क्रमांक आणि ईमेल आधी तपासून घ्यावा.

आकाराची रक्कमही तपासण्यासारखी आहे. तो तुटीच्या प्रमाणात असावा आणि त्याचे टप्पे ठरलेले असावेत, अशी अपेक्षा आहे. तूट ठरवताना बहुतेक बँका महिन्याची सरासरी शिल्लक पाहतात. रोजच्या दिवसअखेरच्या शिल्लकांची बेरीज करून तिला दिवसांच्या संख्येने भागतात. दहा हजारांची अट असलेल्या खात्यात तीस दिवसांच्या महिन्यातील पहिले वीस दिवस दोनच हजार असतील, तर उरलेले दहा दिवस रोज सव्वीस हजार असल्याशिवाय सरासरी जुळत नाही. महिनाअखेरीस दहा हजार भरूनही आकार का लागला, असा प्रश्न अनेकांना पडतो, त्याचे उत्तर या गणितात आहे.

विम्याचा हप्ता परत गेल्याकडे दुर्लक्ष करू नका. ती वसुलीची परवानगी जोवर या खात्यावर आहे, तोवर दर वेळी हप्ता पुन्हा परत जाणे आणि नवा आकार लागणे संभवते, म्हणून ती आजच रद्द करून दुसऱ्या खात्यावर द्यावी. हाच हप्ता कर्जाचा असता तर कर्ज देणाऱ्यानेही वेगळा दंड लावला असता आणि पतनोंदीवर डाग पडला असता. शिवाय शिल्लकेअभावी कर्जाचा हप्ता असा परत जाणे हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली, न वटलेल्या धनादेशासारखाच, गुन्हा ठरू शकतो.

वाद मिटेपर्यंत या खात्यात कोणतीही रक्कम येऊ देऊ नका. प्राप्तिकराचा परतावा, लाभांश, अनुदान, जे काही या खात्याशी जोडलेले असेल ते दुसरीकडे वळवा, कारण आलेली रक्कम थकीत आकारापोटी तत्काळ वळती होते आणि मग आपल्याला ती परत मागत बसावे लागते.

अर्ज लेखीच द्यावा. माझ्या बहिणीच्या खात्याबाबत असाच प्रसंग आला होता. शाखेत दोन वेळा तोंडी विनंती केली, आणि दोन्ही वेळा ‘हे संगणकाने आपोआप कापले आहे’ एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या वेळी तारीखवार तक्ता जोडून अर्ज दिला, त्याच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला, आणि आकार परत झाला. अर्जात भावनिक मजकूर नको. कपातीच्या तारखा, प्रत्येक कपातीनंतरची शिल्लक, २०१४ च्या सूचनांचा उल्लेख आणि नेमकी मागणी एवढे पुरते. शाखेने दाद दिली नाही तर बँकेच्या तक्रार निवारण विभागाकडे ईमेलने तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या तक्रार संकेतस्थळावरून विनाशुल्क दाद मागता येते. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसेल तर तिथे अर्ज टिकत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका.

यापुढे हे खाते लागणार नसेल तर निकाल लागताच ते बंद करावे. लागणार असेल तर त्याच बँकेत मूलभूत बचत ठेव खात्यात बदल करून मागावा, कारण त्याला किमान शिल्लकेची अटच नसते. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये आणि कॅनरा बँकेने १ जून २०२५ पासून बचत खात्यांवरील हा दंड काढून टाकला आहे, तिथे खाते उघडणे हाही पर्याय आहे.

बँकेने आकार परत केल्यावर हिशेब मात्र स्वतः जुळवून पाहावा. दरमहाच्या ५९० रुपयांत ५०० रुपये आकार आणि ९० रुपये कर होता, आणि कधी कधी आकार परत येतो पण कर राहून जातो. शेवटच्या तीन महिन्यांचे पूर्ण १,७७० रुपये परत आले तर खात्यावर उणे २९५ दिसतील, आणि ते आपण भरावेत. सूचना न दिल्याच्या मुद्द्यावर पहिल्या दोन महिन्यांचेही परत मिळाले, तर २९५ वजा जाऊन खात्यात ८८५ रुपये जमा दिसले पाहिजेत.