वाचकांचे प्रश्न : पावसाळा, कॅमेरा आणि लेन्स

प्रश्न : मी चिपळूणला राहतो. मागच्या पावसाळ्यात कॅमेरा बॅगेसकट कपाटात ठेवला होता. दिवाळीत काढला तर १८-५५च्या लेन्समध्ये कोळिष्टकासारखं काहीतरी दिसलं. ही बुरशी आहे का? बाकीच्या लेन्सना लागेल का?

वर्णनावरून बुरशीच वाटते, पण एकदा खात्री करा. लेन्स काढून दोन्ही झाकणं बाजूला ठेवा, मोबाईलचा टॉर्च मागून तिरका धरा आणि पुढून बघा. धूळ असेल तर सुटे ठिपके चमकतात. बुरशीचे तंतू काचेच्या कडेपासून आत येतात आणि त्यांना फांद्या फुटलेल्या दिसतात. काही लेन्स कॅमेऱ्यातून काढल्या की त्यांचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, मिटलेलं राहतं. मागची छोटी पट्टी बोटाने हलकेच सरकवली की ते उघडतं.

लेन्स घरी उघडू नका. आतल्या काचा एका रेषेत बसवलेल्या असतात, जरा सरकल्या तरी फोटोची एक बाजू कायमची धूसर येते. दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या, पण आधी खर्च विचारा. किट लेन्सच्या (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) बाबतीत तो जुन्या बाजारातल्या लेन्सच्या किमतीजवळ जाऊ शकतो. बुरशीतून सुटणारी आम्लं काचेवरचा लेप खातात, त्यामुळे उशीर झाला असेल तर साफ केल्यावरही खुणा राहतात. दोन-चार तंतू असतील तर फोटोत फरक जाणवणार नाही. जास्त असतील तर उजेड समोरून येताना फोटो पांढुरका दिसेल.

संसर्गाची भीती मात्र थोडी बाजूला ठेवा. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. एकाच ओलसर बॅगेत राहिलेल्या सगळ्या लेन्सना तेवढाच धोका होता, म्हणून त्या आजच तपासा आणि बुरशीची लेन्स वेगळी ठेवा.

खरी चूक झाली ती बॅगेत. बॅगेचा फोम आणि कापड ओलावा धरून ठेवतात. त्यात अंधार आणि कोंडलेली हवा, म्हणजे बुरशीला हवं ते सगळं मिळालं. बॅग प्रवासासाठी, साठवणीसाठी नाही.

साठवणीला घट्ट झाकणाचा, रबरी कड असलेला २० लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात २५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे, ओले झाले की हिरवे पडतात) सुती पुरचुंडीत बांधून ठेवा आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. ६०च्या वर रेंगाळला तर बुरशीला वाव मिळतो. ३०च्या खाली नेण्यातही फायदा नाही, रबर आणि वंगण कोरडं पडतं. एवढ्या डब्यातल्या हवेत पाण्याची वाफ अर्धा ग्रॅमसुद्धा नसते, आणि जेल आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं पाणी ओढतं. तरीही जेल आठवड्यात हिरवं पडत असेल, तर झाकण नीट बसत नाही किंवा तुम्ही आत बॅग, चामडी पट्टा, कापड असं काहीतरी ठेवलं आहे. हिरवं झालेलं जेल जुन्या कढईत अगदी मंद आचेवर, हलवत, पुन्हा नारिंगी होईपर्यंत तापवा. आच मोठी केली तर रंग जळून तपकिरी होतो आणि मग जेल ओलं की कोरडं हे कळत नाही. स्टीलच्या बंद डब्यात गार करूनच परत ठेवा. निळं जेल स्वयंपाकघरात आणू नका, त्यात कोबाल्ट क्लोराईड असतं.

तांदूळ ठेवण्याचा उपाय सोडून द्या. ते ओलावा फारसा ओढत नाहीत आणि त्यांचं पीठ माउंटमध्ये (लेन्स जिथे बसते त्या कड्यात) शिरतं. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून फोटो काढा. वापरातल्या लेन्सना बुरशी क्वचितच धरते.

प्रश्न : यूव्ही फिल्टर कायम लावून ठेवावा का? माझा तर आता निघतच नाही.

डिजिटल कॅमेऱ्याला अतिनील (यूव्ही) किरणांसाठी फिल्टरची गरज नाही. अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर खारे तुषार आणि वाळू उडत असते, तिथे जरूर लावा. रात्री दिवे, कंदील, दिवेलागणीचं रस्त्यावरचं दृश्य टिपताना काढा. लेप नसलेल्या स्वस्त काचेची प्रत्येक बाजू साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकते, म्हणून दिव्यांची हिरवट भुतं फोटोत उमटतात. धडकेपासून वाचवायचं असेल तर हूड (लेन्सपुढचं गोल आच्छादन) जास्त उपयोगी, मार तो झेलतो.

फिल्टर अडकतो, कारण आपण तो चिमटीत धरून जोर लावतो. त्याने पातळ कडं किंचित लांबट होतं आणि आटे आणखी पकडतात. धुवून वाळवलेल्या रबरी चपलेचा सपाट तळ घ्या, लेन्स उलटी करून फिल्टर त्यावर अलगद टेकवा आणि सरळ दाब ठेवून उजवीकडून डावीकडे, म्हणजे वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने, लेन्स फिरवा. लेन्स उलटी असल्यामुळे दिशा चुकते, तेव्हा हे आधी दुसऱ्या सैल फिल्टरवर करून बघा.

किनाऱ्यावरून आल्यावर काच कोरडी पुसू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी ब्लोअर, मग डिस्टिल्ड वॉटरने दमट केलेलं मायक्रोफायबर कापड, शेवटी लेन्सचं द्रावण. ते १-२ थेंब कापडावर घ्यायचं, काचेवर कधीच नाही. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे शिंतोडे बसतात.

प्रश्न : गाडीतून उतरलं की लेन्सवर धुकं धरतं.

एसीमुळे. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर २६ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. उतरायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा, किंवा कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद ठेवूनच बाहेर काढा आणि २०-३० मिनिटांनी उघडा. पाणी पिशवीवर धरेल. धुकं असताना लेन्स बदलू नका. झूमही सारखी आत-बाहेर करू नका, प्रत्येक वेळी ती दमट हवा आत ओढते.

प्रश्न : ताम्हिणीतल्या धबधब्यांचं पाणी रेशमासारखं कसं आणायचं? माझ्या फोटोत नुसता पांढरा पट्टा येतो.

पांढरा पट्टा दोन कारणांनी येतो. पहिलं, काळ्या कातळामुळे कॅमेऱ्याला दृश्य अंधारं वाटतं आणि तो पाणी जाळून टाकतो. एक्स्पोजर उणे २/३ ते १ स्टॉप करा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटला नाही ना ते बघा. दुसरं, शटर फार वेळ उघडं राहतं. जोरदार धबधब्याला १/४ सेकंद पुरतो, बारीक धारेला १ सेकंद. २ सेकंदांच्या पुढे पाण्याचे पदर जातात.

आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ/११, आणि समजा शटर १/६० सेकंद येतोय. एनडी ६४ फिल्टर (प्रकाश ६४ पट कमी करणारी गडद काच) लावला की तो साधारण १ सेकंद होतो. ढगाळ सकाळी झाडीच्या आत एनडीचीही गरज नसते, पोलरायझर पुरतो. तो दीड-दोन स्टॉप प्रकाश कमी करतो आणि ओल्या पानांवरची, दगडांवरची चकाकी काढतो. एकच फिल्टर घ्यायचा असेल तर आमचं मत पोलरायझरला. स्वस्त व्हेरिएबल एनडी (फिरवून कमी-जास्त गडद होणारा) पूर्ण फिरवला की आकाशात काळी फुली उमटते.

ट्रायपॉडचे पाय वाहत्या पाण्यात नकोत, थरथर फोटोत येते. २ सेकंदांचा टायमर लावा आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा. तुषार उडत असतील तर बटण दाबेपर्यंत लेन्ससमोर कापड धरा. एफ/११ला काचेवरचा थेंब स्पष्ट गोल डाग होऊन दिसतो.

प्रश्न : भंडारदऱ्याला काजवे टिपायचे आहेत. फ्लॅश चालेल का?

अजिबात नाही, टॉर्चही नाही. काजव्याचं चमकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते, आपल्या उजेडात ती हरवते. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस जोर धरण्याआधी जा आणि संध्याकाळच्या उजेडातच पोहोचा. दिसतंय तोवर झाडावर फोकस करून मॅन्युअलवर टाका, फोकसच्या कड्याला चिकटपट्टी लावा. तेव्हाच पार्श्वभूमीचा एक फोटो घ्या. त्यानंतर ट्रायपॉड हलवायचा नाही.

अंधार पडल्यावर एफ/२.८, आयएसओ १६००, ३० सेकंद असे २०-३० फोटो ओळीने घ्या. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद अडकून पडतो. घरी फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ते थर लाइटन मोडमध्ये (दोन थरांतला उजळ भाग ठेवणारा) पार्श्वभूमीवर चढवा. कॅमेऱ्याचा स्क्रीन बंद करा, लाल दिव्यावर पट्टी लावा आणि गाडी झाडांकडे पाठ करून उभी करा, म्हणजे निघताना हेडलाइटचा झोत त्यांच्यावर पडणार नाही.