पावसाळ्यात वीस जणांना घेऊन कोकणात रानफुलं आणि प्राणी-पक्षी बघायचे असतील तर कुठे जावं?

वीस माणसं, त्यात लहान मुलं, हातात एकच रविवार, आणि तुमच्या यादीत कर्नाळा आणि फणसाड ही दोन अभयारण्यं आणि रत्नागिरीचे सडे असं तिन्ही आहे. एका दिवसात एकच करा. माझं ऐकाल तर सडा.

मी रत्नागिरीची. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि पाऊस लागला की त्याच कातळावर बोटभर मातीत फुलं उभी राहतात. पावसाच्या सुरुवातीला दीपकाडी येते, पांढरी, नाजूक. तिच्या शास्त्रीय नावातसुद्धा कोकण आहे. पण मुलं असतील तर गौरी-गणपती झाल्यावर जा. तेव्हा सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे पट्टे, गेंदाची पांढरी बटणं आणि तेरडा, सगळं एकदम बघायला मिळतं.

तिथे चालायचं कमी आणि बसायचं जास्त. पाणी झिरपतं तिथे उकिडवं बसून दवबिंदू नावाची वनस्पती शोधा. ती इवलीशी, पानांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. मागच्या खेपेला एका थेंबात चिलट अडकलेलं होतं, पाय अजून हलत होते. माझी भाची भिंग लावून किती वेळ बसली होती! सीतेची आसवंही किडे खातात, फक्त त्यांचे सापळे खाली ओल्या मातीत असतात, बारीक फुगे, पाण्यातले जीव आत ओढून घेणारे. या मातीत नत्र जवळजवळ नसतंच, ते किड्यांतून मिळवायची ही सोय.

आता ग्रुपचं. पहिल्या वर्षी आम्ही चोवीस जण एकदम एका पट्ट्यावर गेलो. प्रत्येकाला फोटो हवा होता. अर्ध्या तासात तिथे निळं काही उरलं नाही, नुसता चिखल. अजून डोळ्यांसमोर येतो तो. तेव्हापासून मी पाच-पाच जणांच्या तुकड्या करते, पाय फक्त उघड्या कातळावर टाकायला सांगते आणि भिंग तुकडीला एकच देते. जूनमध्ये गेलात तर जास्तच जपा. एकदा गुरं चारणारा मुलगा ओरडला, "काकी, पाय मागे घ्या!" माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर टिटवीची चार अंडी होती, अगदी खड्यांसारखी. त्यानं सांगितलं नसतं तर फुटलीच असती. म्हणून सड्यावर जाण्याआधी वाडीत विचारा आणि तिथलाच कुणीतरी सोबत घ्या.

घोट्यापर्यंतचे बूट घाला, मुलांना दगड उचलू देऊ नका. जांभ्याच्या फटीत फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं आणि ते पटकन दिसत नाही.

कर्नाळा पनवेलहून जवळ आहे, पक्ष्यांसाठी छान, कधीही जमेल. फणसाड मात्र हिवाळ्यासाठी ठेवा. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान 1986 मध्ये अभयारण्य झालं. तिथे शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, बघायचं तर पहाटे, सात-आठ जणांनीच, गप्प राहून, वर झाडांच्या शेंड्यांत फांद्या-पानांची गोल घरटी शोधत. एका शेकराची अशी बरीच घरटी असतात, त्यामुळे एक रिकामं दिसलं तर लगेच पुढे जाऊ नका, आसपासच्या झाडांवरही नजर टाका.